सदानंद बाकरे यांच्यावर वाचनालयात प्रदर्शन : माहिती, फलक आणि एक बिनसहीचं चित्र

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात १० नोव्हेंबरला, म्हणजे शिल्पकार-चित्रकार सदानंद बाकरे यांच्या जन्मदिवशी, आठवडाभराचं छोटं प्रदर्शन करायचं घाटतंय. लंडनमध्ये चोवीस वर्षं काढून हा माणूस आपल्या मुरूड-हर्णैला येऊन राहिला, इथेच गेला, आणि तालुक्यात नाव काढलं तर पुढचा प्रश्न "कोण बाकरे?" असाच येतो.

जागा : चिऱ्याची कौलारू इमारत, दालन १८ बाय २४ फूट, पश्चिमेला तीन खिडक्या, समुद्र जवळच. बजेट पंधरा हजार. मूळ कलाकृती एकही नाही, आठ-दहा फलक करणार आहोत.

मात्र एका कुटुंबाने हार्डबोर्डवरचं एक अमूर्त चित्र द्यायची तयारी दाखवलीय. साधारण २४ बाय ३० इंच, तैलरंग वाटतो, सही दिसत नाही. पाठीमागे पांढरट बुरशी, खालचा डावा कोपरा फुगलेला. "बाकऱ्यांचंच आहे" असं घरचे सांगतात, कागद काही नाही.

विचारायचं असं : (१) फलकांवर आयुष्याची माहिती कशी मांडावी, कुठे घसरायला होतं? (२) हे चित्र त्यांच्या नावाने लावावं का, साफ कसं करावं, टांगावं कसं? (३) त्यांच्या चित्रांचे फोटो छापायला परवानगी लागते का? (४) शाळेची मुलं येणार. त्यांना अमूर्त म्हणजे काय ते भाषण न देता कसं सांगावं?

---

खडू_कोळसा

उत्तम उपक्रम. पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पक्क्या तारखा आधी घ्या. जन्म १० नोव्हेंबर १९२०, बडोदा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला त्याच्या सहा संस्थापकांपैकी एक : सूझा, रझा, हुसेन, आरा, गडे आणि बाकरे. सहांत शिल्पकार हा एकटाच, आणि हे मोठ्या अक्षरात यायला हवं, कारण ग्रुपबद्दल बोलताना सगळे फक्त चित्रांबद्दल बोलतात. ग्रुपचं पहिलं प्रदर्शन १९४९, मुंबईत रॅम्पार्ट रो इथे. १९५१ ला बाकरे इंग्लंडला गेले, १९७५ ला परतले, १८ डिसेंबर २००७ ला मुरूड-हर्णैला निधन.

आता घसरायच्या जागा. एक म्हणजे दोन मुरूड. रायगडातलं मुरूड-जंजिरा आणि आपलं दापोली तालुक्यातलं हर्णैजवळचं मुरूड. डिझाइन करणारा मुंबई-पुण्याचा असेल तर फलकावर जंजिऱ्याचा फोटो लागलाच म्हणून समजा. सुवर्णदुर्ग दिसेल असा छोटा नकाशा तुम्हीच काढून द्या.

दुसरी जागा गड्यांची. ग्रुपमधले ते हरी अंबादास गडे. अंबादास म्हणून ओळखले जाणारे, १९७२ ला नॉर्वेला जाऊन राहिलेले अमूर्त चित्रकार म्हणजे अंबादास खोब्रागडे, जन्म अकोला १९२२, निधन २०१२. ते 'ग्रुप १८९०' या वेगळ्याच चित्रकार-गटातले. दोघांची सरमिसळ हमखास होते.

तिसरं, "विस्मृतीत गेलेला उपेक्षित कलावंत" हा सूर टाळा. असा फलक वाचून माणूस हळहळतो आणि पुढे जातो, लक्षात काही राहत नाही. त्यापेक्षा तो गेला केव्हा आणि कसा हे नीट सांगा. सूझा १९४९ ला लंडनला, रझा १९५० ला फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला, बाकरे १९५१ ला लंडनला. तीन वर्षांत सहातले तिघे बाहेर. त्या काळी हे जमत होतं त्याला कायद्याचं कारण आहे : १९४८ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टमुळे राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जाऊन राहता आणि काम करता येत होतं. १९६२ च्या कायद्याने ते दार बरंचसं लावून घेतलं. म्हणजे बाकऱ्यांना लंडन सरळ उघडं होतं, अकरा वर्षांनी निघाले असते तर कामाचं व्हाउचर आधी मिळवावं लागलं असतं. शाळेच्या मुलांना हे "कलेच्या ध्यासाने सातासमुद्रापार" यापेक्षा जास्त कळतं.

उलटी वाटही दाखवा. या ग्रुपच्या पाठीशी मुंबईत जे उभे राहिले त्यांत रूडी फॉन लायडन हे समीक्षक, वॉल्टर लँगहॅमर हे चित्रकार आणि इमॅन्युएल श्लेसिंजर हे संग्राहक. पहिले जर्मन, दुसरे दोघे ऑस्ट्रियन, तिघेही नाझी राजवटीमुळे देश सोडून मुंबईत आलेले. स्थलांतरितांनी हात दिलेले चित्रकार पुढे स्वतः स्थलांतरित झाले, हा धागा एका फलकावर नक्की घ्या.

एक फलक तुलनेचा ठेवा : बाकरे, रझा, अंबादास, नटवर भावसार. चार उभे रकाने : जन्म कुठे, गेले केव्हा, राहिले कुठे, माध्यम कसं बदललं. रझांच्या रकान्यात हे येऊ द्या की १९६२ ला बर्कलीला शिकवायला गेले, तिथे मार्क रॉथकोसारख्या अमूर्त चित्रकारांची कामं पाहिली, आणि पुढे तैलरंगावरून ॲक्रिलिककडे वळले. (रॉथकोही मुळात स्थलांतरितच. आजच्या लाटव्हियातल्या द्विन्स्कला जन्म, १९१३ ला, दहा वर्षांचा असताना, अमेरिकेत.) तैलरंगाचा जाड थर सुकायला आठवडे घेतो, ॲक्रिलिक तासाभरात पुढच्या थराला तयार. चित्रकाराचा हात बदलण्यात अशा गोष्टींचा वाटा "आत्मशोधा"पेक्षा कमी नसतो, आणि त्या दाखवता येतात.

बाकऱ्यांच्या रकान्यात वास्तववादी शिल्पापासून अमूर्त आणि भौमितिक आकारांपर्यंतचा प्रवास, आणि शिल्प व चित्र दोन्ही चालू, एवढंच ठेवा. लंडनमधल्या नोकऱ्यांबद्दलच्या ऐकीव गोष्टी फलकावर नकोत.

---

चिऱ्याची_भिंत

चित्राबद्दल. आधी नको ते सांगतो : ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात टाकू नका, फुगलेल्या कोपऱ्यावर वजन किंवा इस्त्री ठेवू नका, आणि घरून आणताना प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका. आतली ओल आतच राहते आणि दोन दिवसांत बुरशी पुढच्या बाजूला येते.

पहिलं काम फोटोंचं, साफसफाईच्याही आधी. पुढून, मागून, चारही कडा, चारही कोपरे. मग खोलीत अंधार करून टॉर्च चित्राच्या पातळीत, जवळजवळ टेकवून, एका बाजूने मारा आणि पुन्हा फोटो. या तिरक्या उजेडात रंग कुठे सुटलाय ते लगेच कळतं : सुटलेला रंग बारीक तंबूसारखा उभा राहतो आणि त्याची सावली पडते. असा एक जरी तंबू दिसला तर पुढच्या बाजूला ब्रशसुद्धा लावायचा नाही. चित्र तोंड वर करून आडवं ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र बाहेरची कामं घेतं.

रंग घट्ट असेल तर पाठीमागची बुरशी काढता येते. ओली असताना हात लावायचा नाही, पसरते. सावलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं दोन-तीन दिवस उभं ठेवा. पंखा खोलीत फिरता हवा, चित्रावर रोखलेला नको. बुरशी सुकून पूड झाली की घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ रुंद ब्रशने झटकत ती व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकला. व्हॅक्यूमच्या नळीला मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा, म्हणजे एखादी ढलपी निघालीच तर जाळीवर सापडेल. व्हॅक्यूमचा वेग सर्वांत कमी. डाग राहिला तर राहू दे.

कोपरा फुगला त्याचं कारण असं की हार्डबोर्ड म्हणजे दाबलेला लाकडाचा तंतू. पुढे रंगाने बंद असतो, मागची जाळीदार बाजू आणि कडा उघड्या. भिंतीला टेकून उभा ठेवला की खालची कड फरशीची ओल ओढते, तंतू सुटे होतात. फुगलेलं परत बसत नाही. पुढे वाढू नये एवढंच आपल्या हातात.

टांगायचं ते पश्चिमेच्या भिंतीवर अजिबात नाही. चार महिने झोडपलेली चिऱ्याची भिंत दिवाळीलाही आतून ओली असते. पोपडे किंवा लोणा दिसत असेल तर विचारायलाच नको. आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना एक इंच जाडीचे लाकडी ठोकळे लावा म्हणजे मागून हवा खेळेल. फ्रेमच्या खाचेत चित्राभोवती सगळीकडून ३ मिमी मोकळं सोडा, बोर्ड दमट हवेत वाढतो आणि जागा नसली की पोक काढतो. मागून सनपॅक शीट, पितळी पट्ट्यांनी धरलेली. खिळे बोर्डात मारू नका.

चिऱ्यात साधा खिळा धरत नाही, भुगा होऊन बाहेर येतो. गिलावा सोडून चिऱ्यात किमान दोन इंच जाईल असं भोक, प्लग आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. सांध्यात भोक पाडू नका, दगडात पाडा. टांगायची तारही स्टेनलेस. दुकानात मिळणारी सोनेरी पिळाची तार खाऱ्या हवेत आतून गंजते आणि वरून चांगली दिसत राहते. चित्र लावण्यापूर्वी त्याच्या तिप्पट वजनाची पाण्याची बादली त्या स्क्रूला एक रात्र टांगून बघा.

---

पाजपंढरी

एवढा खटाटोप कशाला ओ. मागे चार डांबरगोळ्या आणि थोडा कापूर ठेवा, बुरशी पळते. पुढून कापलेला बटाटा फिरवला की मळ निघतो, आमच्याकडे सगळे देवांचे फोटो असेच साफ होतात.

---

चिऱ्याची_भिंत

@पाजपंढरी, देवांच्या फोटोला काच असते, बटाटा काचेवर फिरतो. इथे तो सरळ रंगावर फिरेल. बटाट्याचा रस म्हणजे पाणी आणि स्टार्च. पाणी भेगांतून आत जाणार आणि स्टार्च वर राहणार, जो बुरशीचं आणि कसरीचं जेवणच आहे. पुढच्या पावसाळ्यात ज्या रेषेत बटाटा फिरला त्याच रेषेत बुरशी येईल. पाव, कांदा, खोबरेल सगळ्याला हेच लागू.

डांबरगोळीने कसर दूर राहते, बुरशीला फारसा फरक पडत नाही. आणि तिची वाफ बंद जागेत व्हार्निश मऊ करू शकते. मऊ व्हार्निशवर धूळ बसली की ती कायमची. कापराचंही तेच. बुरशीवर औषध एकच : हवा कोरडी आणि हलती. ६५ टक्क्यांच्या खाली आर्द्रता टिकली तर ती वाढत नाही.

---

कलम_बावन्न

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, लागते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र-शिल्पावरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. बाकरे २००७ ला गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०६७ पर्यंत हक्क वारसांकडे. चित्र कुणाच्या भिंतीवर आहे याचा याच्याशी संबंध नाही. चित्र विकत घेणाऱ्याकडे वस्तू येते, छापायचा हक्क आपोआप येत नाही. लिलावाच्या कॅटलॉगमधून किंवा पुस्तकातून स्कॅन करून मोठा प्रिंट काढणं हीसुद्धा नक्कलच.

कलम ५२ मध्ये समीक्षा किंवा परीक्षणासाठी वाजवी वापराची सूट आहे. विश्लेषणाच्या मजकुराशेजारी छोटी प्रतिमा त्यात बसू शकते. दालनाच्या दारावर सहा फुटी फ्लेक्स, कॅलेंडर, विक्रीचे मग त्यात बसत नाहीत. सरळ मार्ग वारसांना पत्र लिहून लेखी परवानगी घेण्याचा. पत्रात कोणती कामं, किती आकारात, किती दिवस, आणि सोशल मीडियावर टाकणार का, हे चारही हवं. शेवटचं विसरलं जातं आणि भांडण तिथूनच सुरू होतं. परवानगी वेळेत नाही आली तर प्रतिमांशिवाय फलक करा. खडू_कोळसा यांनी दिलेला मजकूर चित्रांशिवायही उभा राहतो.

१९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा कुणी मध्ये आणला तर : कलानिधी म्हणून जाहीर झालेल्या मोजक्या चित्रकारांत (रविवर्मा, रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, जामिनी रॉय वगैरे) बाकरे नाहीत. त्या कुटुंबाला नोंदणी वगैरे काही नको.

कुटुंबाकडून चित्र घेताना एक पानी करार मात्र कराच. आकार, आजची अवस्था फोटोंसह, घेतल्याची आणि परत द्यायची तारीख, ने-आण कोण करणार, नुकसान झालं तर काय. किमतीच्या रकान्यात "बाकरे" धरून लाखांचा आकडा टाकू नका. उद्या तोच कागद चित्र अस्सल असल्याचा पुरावा म्हणून फिरेल.

---

केतकीचं_बन

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो काढून झाले. दोन गोष्टी नव्याने कळल्या. तिरक्या उजेडात रंग कुठेही सुटलेला दिसला नाही. पण खाली उजवीकडे काळ्या रंगात बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, 'बी' आणि 'ए' वाचता येतात, पुढचं अंधुक. घरचे एकदम खूश! आणि डिजिटल आर्द्रतामापक आणलं, दालनात पहाटे ७९ आणि दुपारी ६८ दाखवतंय. डिह्युमिडिफायर भाड्याने आणावा का?

---

चिऱ्याची_भिंत

मापक खरं बोलतंय का ते आधी तपासा, स्वस्त मापकं पाच-सात टक्के इकडेतिकडे असतात. बाटलीच्या झाकणात जेवणातलं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी साचता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास सावलीत ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७१ दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक आकड्यात ४ मिळवा.

डिह्युमिडिफायर नको. कौलारू छपरातून जेवढी हवा सुकवाल तेवढी नवी दमट हवा आत येत राहील, पाण्याची टाकी भरत राहील आणि काटा हलणार नाही. दिवसा एसी आणि रात्री बंद हे तर त्याहून वाईट, बोर्ड रोज आकसतो-फुगतो आणि रंग तडकतो.

एका चित्रासाठी दालन सुकवायचंच कशाला, चित्राची पेटी करा. समोर ॲक्रिलिक, मागे आणि बाजूला ॲल्युमिनियमची संमिश्र शीट (साइनबोर्डवाल्याकडे तुकडे मिळतात), सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद. प्लायवूड नको, त्यातून आम्लाची वाफ येते. फ्रेमसकट आतलं माप ७६ बाय ९१ बाय १३ सेंमी धरलं तर ०.०९ घनमीटर होतं. घनमीटरला २० किलो सिलिका जेल हा ढोबळ हिशेब, म्हणजे १.८ किलो. दोन किलो घ्या. बुटांच्या डब्यातल्या पुड्या चार-सहा टाकून काहीही होत नाही.

आता इथे सगळे चुकतात ते असं : नवी जेल कोरडी ठणठणीत असते. तशीच टाकली तर पेटीतली आर्द्रता एका रात्रीत ३० च्या खाली जाईल आणि बोर्ड कमानीसारखा वाकेल. जेल आधी ताटात पातळ पसरून दालनात उघडी ठेवा, अधूनमधून हलवत राहा. दर काही तासांनी मूठभर झिपच्या पिशवीत मापकासोबत घालून बघा. ५५ ते ६० वर आली की पेटीच्या तळाच्या ट्रेमध्ये, वर सुती कापड घालून ठेवा. जास्त ओली झालीच तर ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा सुरुवात. निळी जेल शाळेच्या मुलांच्या जवळ नको, तिच्यात कोबाल्ट असतं. पांढरी किंवा नारिंगी घ्या. दिवे पेटीच्या बाहेरून, एलईडी, चित्रावर २०० लक्सपेक्षा कमी. पश्चिमेच्या तिन्ही खिडक्यांना जाड पडदे, दुपारी तीननंतर तिकडून येणारं ऊन सरळ आत येतं.

---

खडू_कोळसा

सहीबद्दल थोडं थंड घ्या. दहापट भिंग घ्या, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे असतं तसलं. सहीच्या जागी रंगाला जुन्या भेगा आहेत का बघा. असतील तर सहीचा काळा रंग भेगेवरून तुटत गेलाय, की भेगेच्या आत ओघळलाय? भेग पडल्यावर सही केली असेल तर पातळ काळा रंग भेगेत उतरतो आणि अक्षराला दोन्ही बाजूंनी केसाएवढे फाटे फुटतात. तसे फाटे दिसले तर सही नंतरची आहे. उलट मात्र सिद्ध होत नाही : सही भेगांसोबत तुटलेली असली तरी एवढंच कळतं की ती जुनी आहे, कुणाची ते नाही.

३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मिळाली तर पूर्ण अंधारात, डोळ्यांना गॉगल लावून बघा. जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं. त्यावर नंतर कुणी हात फिरवला असेल तर ती जागा काळी डागासारखी दिसते. सही चमकत्या थराच्या वर काळी दिसते की खाली, ते टिपून ठेवा.

माध्यमही बघा. घरचे चित्र कोणत्या वर्षाचं सांगतात? १९५० च्या सुरुवातीचं म्हणत असतील आणि रंग ॲक्रिलिक निघाला तर गणित बसत नाही. चित्रकारांसाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर आले आणि ब्रिटनमध्ये राउनी कंपनीचा क्रायला १९६३ ला. पण हे ओळखायला घरी स्पिरिट किंवा ॲसिटोन लावू नका, ॲक्रिलिक असेल तर डाग पडेल. ते प्रयोगशाळेचं काम. २४ बाय ३० इंच हे माप दोन्ही देशांत चालायचं, त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्यापेक्षा पाठीमागे बोर्ड कंपनीचा ठसा, जहाजाचं किंवा फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलीतला पत्ता शोधा. बुरशी झटकताना हे पुसू नका.

आणि या सगळ्यात काहीही निघालं तरी लेबलवर असं लिहा : "अमूर्त रचना. चित्रकार अनिश्चित. हार्डबोर्डवर रंग, अंदाजे २४ × ३० इंच. स्थानिक खासगी संग्रह. कुटुंबाच्या सांगण्यानुसार सदानंद बाकरे यांचं काम." घरच्यांना आधी दाखवून होकार घ्या. रागावले तर चित्र न लावलेलं परवडलं. बाकऱ्यांच्या नावावर कच्चं काम चिकटवण्यात त्यांचंच नुकसान आहे.

फलकांचं राहिलं. सनबोर्ड ५ मिमी, मजकुराला २८ पॉइंटपेक्षा कमी अक्षर नको, एका फलकावर शंभर-सव्वाशे शब्द पुरे. देवनागरीला वेलांट्या-मात्रांमुळे ओळींत दीडपट अंतर हवं. फाइल युनिकोडमध्ये दिलीत आणि छापणाऱ्याने श्रीलिपीत फिरवली की "बाकऱ्यांच्या" आणि "हर्णै" हे दोन शब्द पहिले मोडतात. फॉन्ट आउटलाइन करून पीडीएफ द्या आणि एक प्रूफ कागदावर वाचा, स्क्रीनवर नाही. चिऱ्याच्या भिंतीवर डबल टेप रात्रीतून सुटते. वरच्या पट्टीला नायलॉनच्या दोरीने टांगा, मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर. मुलं जास्त येणार असतील तर १३० वर.

---

गेरू_पिवडी

चौथ्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून लिहिते. अमूर्त "म्हणजे काय" हे मुलांना विचारूही नका आणि सांगूही नका, करायला द्या. तुमच्या तुलनेच्या फलकावर नटवर भावसार आहेतच. जन्म १९३४, उत्तर गुजरातेतलं गोठवा गाव, १९६२ ला अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये कॅनव्हास जमिनीवर आडवा टाकून, त्यावर ओला बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि वरून चाळणीतून कोरडी रंगाची पूड, असे थरावर थर. ब्रशने रेघ ओढायची नाही. हे पडवीत जमण्यासारखं आहे.

वीस मुलांसाठी : ए-३ आकाराचा ३०० जीएसएमचा कागद प्रत्येकी एक, चारही कडा मास्किंग टेपने पुठ्ठ्याला चिकटवून, नाहीतर ओला झाला की गुंडाळतो. फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, एकूण दोन लिटर पुरतं. पूड रंगाच्या दुकानातली : गेरू, पिवडी, कपड्याच्या निळीची पूड, चाळलेली कोळशाची पूड, पांढऱ्यासाठी खडूची पूड. चुना नको, डोळ्यात गेला तर भाजतो. रांगोळीचे रंग नकोत, ती वरून रंगवलेली भरड रेती, दुसऱ्या दिवशी गळून पडते.

ब्रशने फेविकॉलचं पाणी सारखं लावा, चकाकेल इतपत, डबकं होता कामा नये. डबक्यात पूड वाहून कडेला जमा होते आणि चिखल होतो. लगेच चहाच्या गाळणीत चमचाभर पूड घेऊन हातभर उंचीवरून गाळणी बोटाने टिचकावत फिरवा. खालून धरली तर ठिपका पडतो, उंचावरून धरली तर धुकं पडतं. हा फरक मुलांना दोन मिनिटांत कळतो, आणि मग कुणी "हे कशाचं चित्र आहे" विचारत नाही. थर पंख्याखाली हाताला सुकला की स्प्रेच्या बाटलीतून एकास आठ पातळ फेविकॉल मारा, परत दुसरा रंग. तीन थर पुरेत. नोव्हेंबरात पहाटे दव असतं, तेव्हा कामं रात्री पडवीत ठेवू नका. सगळ्यांना मास्क. आणि ही धूळ त्या चित्राच्या दालनात अजिबात नको, कार्यशाळा बाहेर पडवीत, दार लावून.

---

केतकीचं_बन

मिठाच्या चाचणीत आमचं मापक ७२ वर थांबलं, म्हणजे ३ मिळवायचे. पेटीचं माप साइनबोर्डवाल्याला दिलं. सहीच्या अक्षरांना भिंगातून फाटे स्पष्ट दिसतात. घरच्यांना दाखवलं, थोडे हिरमुसले, पण खडू_कोळसा यांच्या लेबलला हो म्हणालेत. शेवटचं एकच : त्यांच्या घरापासून वाचनालय चार किलोमीटर, रस्ता खड्ड्यांचा. रिक्षातून आणावं की टेम्पोतून?

---

चिऱ्याची_भिंत

रिक्षात नाही, आडवं बसत नाही. मोठी गाडी, मागची सीट पाडून. चित्र तोंड वर, खाली दोन इंच फोम, पुढच्या बाजूला रंगाला टेकेल असं काहीही नको. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण लावा, फुगलेल्या कोपऱ्याचा त्रिकोण सैल. त्यावरून धुतलेली सुती चादर, प्लास्टिक फक्त पाऊस आला तर आणि पोचल्या पोचल्या काढायचं. बबल रॅपचे फुगे रंगाकडे करू नका, उन्हात तापलेल्या गाडीत त्यांचे गोल ठसे उमटतात. सकाळी अकराच्या सुमारास आणा, पहाटेची ओल उतरलेली असते. पोचल्यावर लगेच पेटीत घालू नका, एक दिवस दालनात राहू दे. मग जेल तपासून पेटी बंद करा.